पंगतीत शेवटचं पान

रेणुकादासरावांच्या घरी पंगत बसली की यजमान शेवटी जेवणार, हा नेम. आधी पाहुणे, मग वडीलधारे, मग लेकरं. उष्टी काढून झाल्यावर वरणाच्या तळाशी राहील ते यजमानाचं. नेम चांगलाच, पण रावांनी तो शास्त्रीय लेखांनाही लावला आणि तिथं उपाशी राहिले.

ते नांदेडच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायचे. भूकंपानंतर किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडांत हिंडून त्यांनी माणसांचं बीपी आणि झोप तपासली, एकट्यानं. नागाबाई नावाची म्हातारी दंडाला पट्टा बांधून घेता घेता म्हणाली, "पत्र्यावर मांजरानं उडी हाणली तरी आमी बाहेर पळतोय, डॉक्टर. त्या मांजराचं बी बीपी बघा एकदा."

लेख छापायला निघाला तेव्हा रावांनी पंगत बसवली. पहिलं पान विभागप्रमुखांना, दुसरं माजी प्रमुखांना, तिसरं निवृत्त गुरुजींना, ज्यांनी किल्लारी नकाशातही पाहिलं नव्हतं. शेवटी आपलं नाव. वाचकांच्या चौकशीला उत्तरं कुणी द्यायची? प्रमुख म्हणाले, "ती उस्तवार तूच कर बाबा." म्हणून खाली पत्ता रावांच्या घरचा. पुढचे सगळे लेख याच चालीवर.

भूकंपाचा लेख मात्र भाग्याचा निघाला. तुर्कस्तानात धरणी हलो की जपानात, तिथले संशोधक त्याचा दाखला देत. चौकशीचं परदेशी पाकीट आलं की रावांच्या पत्नी कुसुमताई ते आधी देवापुढं ठेवून हळदकुंकू लावत, मगच फोडू देत. दाखला असायचा प्रमुखांच्या नावाचा, पुढं 'आणि इतर'.

"म्हणजे तुम्ही इतर का?"

"इतरांतला शेवटचा."

"लग्नपत्रिकेतले समस्त आप्तेष्ट म्हणा की!"

हसण्यावारी गेलं, पण प्रोफेसरकी अडली. पहिलं नाव असलेलेच लेख मोजायचे, असा नियम. दोनदा मुलाखत झाली, दोनदा राव हात हलवत परत.

तेवढ्यात लातूरहून मलप्पा आला. रावांचा जुना विद्यार्थी, आता क्लासचा मालक.

"सर, लई झालं. लातूरला शिकवायला या. फ्लेक्सवर पहिलं नाव तुमचं, फोटो बी सगळ्यात मोठा."

"अरे, माझा अभ्यास चालू आहे. तुमच्या होस्टेलातल्या पोरांच्या झोपेवरच."

"तेवढं सोडा, सर. पोरं झोपायला लागली तर रँक कुठून आणू मी?"

हा अभ्यास सोडणं म्हणजे नागाबाईचा पट्टा अर्ध्यात सोडणं. तरी त्यांनी शब्द दिला, "ही शेवटची मुलाखत. नाही जमली तर येतो." मलप्पानं जाता जाता फ्लेक्स छापायला टाकला.

मुलाखतीत समितीवरच्या बाईंनी चष्मा वर केला. "पहिलं नाव एकदाही नाही?"

"आमच्याकडे यजमान शेवटी बसतो, मॅडम."

सगळे हसले. बाई मात्र लेखाची तळटीप वाचत राहिल्या. "यंदा नियम बदललाय. पहिलं नाव, किंवा पत्रव्यवहार ज्याच्याकडे तो. हा पत्ता कुणाचा?"

"घरचा. प्रमुखांना उत्तरं द्यायचा कंटाळा होता."

"सगळ्या लेखांवर हाच?"

"उस्तवार सगळी माझ्याकडंच, मॅडम."

ऑर्डर हाती पडली तेव्हा कुसुमताईंनी देवापुढं साखर ठेवली. "धर्मराजाच्या यज्ञात श्रीकृष्णानं उष्ट्या पत्रावळीच उचलल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच वाटलं होतं."

"तेव्हा तर तू मला समस्त आप्तेष्ट म्हणालीस."

मलप्पा भला माणूस. रागावला नाही, छापलेला फ्लेक्स पाठवून दिला. उन्हाळ्यात कुसुमताईंनी तो गच्चीवर अंथरून कुरडया घातल्या, एक नेमकी रावांच्या नाकावर.

झोपेचा लेख पुरा झाला. होस्टेलं पालथी घातली होती मनस्विनी नावाच्या त्यांच्या विद्यार्थिनीनं. तिनं भीत भीत पहिलं नाव सरांचं लिहून आणलं. रावांनी ते खोडलं, तिचं वर घातलं, आपलं तळाला.

"आणि सर, पत्रव्यवहार?"

रावांनी पेनाला टोपण लावलं.

"तो राहू दे माझ्याकडंच," ते म्हणाले. "आमच्या हिला पाकिटांना कुंकू लावायची सवय झालीय."