कोपराखाली चार बोटं

आमचं सासर म्हणजे उंटांचं घर. सासूबाई उंच, सासरे त्यांच्याहून उंच, दोन्ही मुलगे दारातून वाकून आत येणारे. मी पसंत पडले तीही उंचीवरच. बाकी काही कुणी फारसं विचारलं नाही. या ताडमाड माणसांत थोरल्या जाऊबाई कशा शिरल्या, हे कोडंच आहे. भावोजींनी म्हणे त्यांना बसलेलं पाहिलं आणि तिथंच हो म्हणून टाकलं. नंतर सासूबाई म्हणाल्या, "उभी राहा ना गं जरा." तर जाऊबाई म्हणाल्या, "उभीच आहे."

हा किस्सा घरात इतक्यांदा सांगितला गेला की शेवटी त्याही हसायला लागल्या.

खालच्या मजल्यावरचा स्वयंपाकाचा ओटा सासूबाईंनी स्वतःच्या मापाने बांधून घेतला होता. त्यांच्यानंतर तो जाऊबाईंच्या वाट्याला आला. दगड थेट छातीला लागायचा. चिरायला, ढवळायला हात वर उचलावे लागत, आणि पातेल्यात काय चाललंय ते त्यांना वासावरून कळायचं. मग भावोजींनी एक जाड लाकडी पाट आणून दिला. तेव्हापासून जाऊबाई पाटावर. शेगडीपासून नळापर्यंत जायचं तर खाली उतरायचं नाही, पायाच्या अंगठ्याने पाट सरकवायचा. खर्र. वरच्या मजल्यावर मला तेवढ्या आवाजावरून कळायचं, आता भांडी चालली आहेत, आता फोडणी.

"ओटा तुझ्या मापाचा करून टाकू," असं भावोजी दर वर्षी म्हणायचे. पुढच्या वर्षी नक्की, असंही म्हणायचे. माणूस गोड होता, म्हणून आम्ही कुणी त्यांना काही बोललो नाही. ते घोंगडं तसंच भिजत राहिलं आणि भावोजी गेले.

जाऊबाईंची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि ओट्यावर दोन्ही तळवे टेकवून उभ्या राहायच्या. बोलणं चालू, लक्ष तळव्यांकडे. एकदा माझ्या बहिणीच्या घरी, बहीण बुटकी आहे, तिच्या ओट्यापाशी त्या अशा उभ्या राहिल्या की चहा गार झाला तरी बाहेर येईनात. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "इथून सगळं खाली दिसतं गं. पातेल्याचा तळसुद्धा." दुसऱ्याच्या ताटातला घास बघावा तसं बघत होत्या. मला वाईट वाटलं आणि रागही आला. तोंड उघडून मागायला काय जात होतं या बाईचं? पण मागणं हे त्यांच्या रक्तातच नाही. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. यांची दोन्ही दुसऱ्यांनीच करून दिली, आणि यांनी त्यात स्वतःला बसवून घेतलं.

गेल्या वर्षी पुतण्याचा फोन आला. तो लांब नोकरीला. म्हणाला, "आई, घर नव्याने करून घे. अगदी तुझ्या आवडीचं." आणि आतली सजावट करणारी एक मुलगी पाठवून दिली. मुलगी चुणचुणीत. मांडीवर चित्रं उघडून बसली आणि म्हणाली, "काकू, तुमची स्टाईल कोणती? साधी, भारदस्त, की एकदम मॉडर्न?"

जाऊबाईंनी थोडा विचार केला. "हात पुरेल ती," म्हणाल्या.

मुलगी हसली. तिला वाटलं, विनोद आहे.

पण त्यानंतर जाऊबाईंचा जो बांध फुटला, तो मी कधी पाहिला नव्हता. मसाल्याचे डबे नाकासमोर हवेत. भिंतीला पिवळ्या फरश्या, पण हळदीसारख्या नाही, पिकल्या लिंबासारख्या. खिडकीत रेडिओपुरता कोनाडा. दगड काळा नको, हिरवट हवा, काळ्यावर डाग दिसत नाहीत म्हणून सगळे काळा घेतात, "मला दिसलेले चालतील, मी पुसेन." रोज जिन्याखालून हाक यायची, "अगं, खाली ये, एक सुचलंय." हे सगळं इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं, देव जाणे. आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी तेच, "ओटा मात्र माझ्या मापाचा."

जुना ओटा फोडला त्या दिवशी त्या वर माझ्याकडे येऊन बसल्या. आवाज ऐकवत नव्हता म्हणाल्या, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा होता.

काम होईपर्यंत संसार गॅलरीत मांडला. चपलांच्या उंच कपाटावर शेगडी ठेवली. तेही कपाट उंटांच्याच मापाचं. दुसऱ्या दिवशी गवंडी टेप घेऊन आला तेव्हा जाऊबाई तिथंच भाजी परतत होत्या. मी पलीकडे शेंगा निवडत होते.

"मावशी, सरळ उभ्या राहा. हात कोपरात वाकवा. कोपराखाली चार बोटं सोडायची, तो तुमचा ओटा."

त्याने टेप खाली सोडला, आकडा वाचला, भिंतीवर पेन्सिलने लिहिला. मग म्हणाला, "दिसता त्याच्यापेक्षा उंच आहात हो तुम्ही."

जाऊबाई लाजल्या. खरंच लाजल्या, या वयात. असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. गवंडी गेल्यावर मला म्हणाल्या, "ऐकलंस ना?"

ऐकलं. आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्या पाटावर उभ्या होत्या. गवंड्याला गाऊनच्या घेराखाली तो दिसला नाही. आम्हाला दोघींना दिसला नाही, कारण पायाखालची जमीन कोण बघतं?

दगड बसवला त्या दिवशी त्यांनी पाट बाहेर नेऊन कुंड्यांखाली ठेवला. चपला काढल्या. आत गेल्या. मी दारात थांबले. ही त्यांची वेळ होती. त्या हिरव्या दगडापाशी गेल्या आणि तळवे टेकवले.

कोपरं वर गेली. खांदे वर गेले. दगड छातीला लागला.

त्या तळवे तसेच ठेवून उभ्या राहिल्या. गवंडी एकदा टेपकडे बघतो, एकदा त्यांच्याकडे. मग त्यांची नजर बाहेर कुंड्यांकडे गेली आणि आम्हा तिघांनाही एकदमच कळलं.

नेमका तेव्हाच पुतण्याचा फोन. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असू दे ना आई. पाट आहेच. तुला तर सवय आहे."

"हो रे," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. माझंच चुकलं."

फोन ठेवला आणि फडक्याने दगड पुसायला लागल्या. स्वच्छच होता तो. माझं डोकं फिरलं.

"ताई, सवय आहे म्हणजे काय? सवय मेल्यावरही राहील!"

"अगं, पण आता बसवलाय."

गवंडी हळूच म्हणाला, "सिमेंट ओलं आहे, मावशी. आत्ता सांगाल तर उचलतो, खालचे दगड कापतो. उद्या सांगाल तर फोडावा लागेल."

त्यांचा हात थांबला. नजर दगडावरच. पाणी काठोकाठ आलं होतं डोळ्यांत. "मला ना," त्या म्हणाल्या, "एकदा जमिनीवर उभं राहून रांधायचं होतं. बाकी काही नाही झालं तरी चाललं असतं गं."

"मग सांगा त्याला."

मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. हे मी बोलून चालणार नव्हतं.

"उचला," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की गवंड्याने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा त्या मोठ्याने म्हणाल्या.

त्याने मदतनीसाला हाक मारली, आणि या वेळी जाऊबाईंना भिंतीला पाठ लावून उभं केलं. कोपर वाकवून घेतलं. टेप लावला. मग थांबला.

"मावशी, टाचा टेका."

"टेकल्यात."

"नाही टेकल्या."

मी खाली बघितलं. टाचा जमिनीपासून वर होत्या, बोटांवर सगळा भार. त्यांना कल्पनाही नव्हती. या घरात उभं राहायचं ते असंच, हे त्यांच्या पोटऱ्यांना पाठ झालं होतं. त्यांनी पुन्हा टेकल्यासारखं केलं, पण टाचा पुन्हा उचलल्या गेल्या.

मी फरशीवर बसले. त्यांचे दोन्ही घोटे हातात धरले आणि सावकाश खाली दाबले. आधी एक टाच टेकली, मग दुसरी. कोपर खाली आलं, खांदे खाली आले, आणि मी वर बघितलं तर जाऊबाई भिंतीशी केवढ्याशा दिसत होत्या.

"एवढीच का गं मी?" त्यांनी विचारलं.

"एवढ्याच," मी म्हणाले. "काढा हो खूण."