गळ्यापर्यंत भरलेली टाकी

…तर बहलाचा तो ठेकेदार गाडीतून उतरला, दार धाडकन आपटलं आणि म्हणाला, "झहरान, वाटोळं केलंस माझ्या गाडीचं! तू ट्यून केल्यापासून नुसती पेट्रोल ढोसतेय. आणि तेही अठ्ठ्याण्णव नंबरचं, साधंसुधं नाही!" काल इथंच थांबलो होतो, नाही का?

झहराननं वाद घातला नाही. हात पुसले, ठेकेदाराला शेजारच्या सीटवर बसवलं, पंपावर टाकी भरून घेतली आणि स्वतः गाडी हाकत निझवाहून बहलाला जाऊन परत आला. त्याच पंपावर पुन्हा टाकी भरली. ट्यून करण्याआधी लागायचं त्याहून थोडं कमीच पेट्रोल लागलं.

ठेकेदार मीटरकडे बघत म्हणाला, "पंप बिघडलाय यांचा."

"पंप ठणठणीत आहे," झहरान म्हणाला. "तुझी चप्पल जड आहे."

झहरान बिन नासिर हा असा माणूस. निझवाबाहेर गॅरेजांची वस्ती आहे, तिथं टायरवाल्याच्या आणि बॅटरीवाल्याच्या मधे त्याचा गाळा. शिक्षण गावच्या शाळेत नववीपर्यंत. पण इब्रीहून, सूरहून, अगदी मस्कतहूनही पोरं गाड्या घेऊन त्याच्या दारात यायची. लॅपटॉपची वायर गाडीला जोडून तो इंजिनाला कधी किती पेट्रोल घ्यायचं, ठिणगी कधी पाडायची हे नव्यानं शिकवायचा. मात्र वायर जोडण्याआधी दहा प्रश्न. कुठं चालवतोस? वाळूत की रस्त्यावर? मागं कोण बसतं? एकानं सांगितलं की आईची साधी गाडी आहे, ॲव्हरेज वाढावं म्हणून मी तिला अठ्ठ्याण्णव पाजतो. झहराननं त्याला बॉनेटसुद्धा उघडू दिलं नाही. "पंच्याण्णव मागते ती. तेवढंच दे, आणि चाकांत हवा भर. जा, आईला सलाम सांग."

त्याची स्वतःची गाडी मात्र वेगळी. जुनी सहा सिलिंडरची जपानी फोर बाय फोर. तिच्यावर त्यानं टर्बो चढवला होता, म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. चार वर्षं लागली त्याला. पिस्टन बदलले, कॉम्प्युटर बदलला, बायको राया म्हणायची की या बाईला घरातच आणून ठेवा, निदान जेवायला तरी वेळेवर याल. हवा जितकी कोंबावी तितकं पेट्रोल सोशिक लागतं. कमी नंबरचं पेट्रोल तेवढा दाब सोसत नाही, आपल्याच मर्जीनं आत भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. नव्या गाड्यांना तो आवाज ऐकणारा कान असतो. आवाज आला की त्या आपोआप नरमतात, जोर कमी होतो, पेट्रोल जास्त जातं, पण इंजिन वाचतं. या जुन्या गाडीला असला कान नव्हता. कान होता तो झहरानचाच. म्हणून तिला अठ्ठ्याण्णवशिवाय दुसरं काही चालत नसे.

आता रायाचा भाऊ मुहन्ना. इज़्कीच्या अलीकडच्या गावात त्याच्या खजुराच्या बागा. माणूस मोठ्या मनाचा, आवाजही मोठा. त्याच्या घरी सोहारचे पाहुणे आले, त्यांना फिरवायला त्यानं झहरानची गाडी दोन दिवस मागून नेली. गुरुवारी संध्याकाळी परत आणली ती धुऊन, आत बुखूरचा सुगंधी धूर देऊन, आणि टाकी गळ्यापर्यंत भरून. आपल्याकडची रीतच आहे, मागून नेलेली गाडी रिकाम्या पोटी परत करायची नाही. आणि ज्याची गाडी आहे त्यानं काट्याकडे बघायचं नाही, काय भरलं म्हणून विचारायचं तर नाहीच नाही. झहराननं किल्ली घेतली, म्हणाला, "मुहन्ना, एवढं कशाला," आणि कहवा ओतला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याच गाडीतून जबल अख्दरच्या डोंगरावर जायचं होतं. मुहन्नाच्या मुलासाठी वर सैक गावात मुलगी मागायची होती. नवरदेव घरीच, थोरली माणसंच निघालेली: मुहन्ना, त्याचे वडील सुलैयम काका, म्हणजे झहरानचे सासरे, आणि चाकावर झहरान. मागं हलव्याचे डबे, तांदळाची दोन पोती आणि एक जिवंत बोकड.

"सगळा ओमान बकऱ्या आणायला डोंगरावर जातो," सुलैयम काका म्हणाले, "आणि आमचे चिरंजीव खालून बोकड घेऊन वर चाललेत."

"बाबा, रिकाम्या हातानं गेलो तर पोरगी देतील का?"

"बोकडाकडे बघून देणार असतील तर तूच विचार कर."

सपाट रस्त्यावर गाडी गुमान चालली. बिरकत अल मौझच्या चौकीवरून वर फोर बाय फोरच सोडतात; पोलिसानं चाकं बघितली, हात हलवला. पुढं पहिला उभा चढ लागला, झहराननं पाय दाबला, टर्बोच्या घड्याळाचा काटा वर सरकला, आणि त्याला तो आवाज ऐकू आला. तापल्या तव्यावर कुणी मूठभर चणे टाकावेत तसा. बारीक, टणटण.

त्यानं पाय उचलला. आवाज बंद. पुन्हा थोडा दाबला. टणटण.

काय झालंय ते एका दमात त्याच्या ध्यानात आलं. मुहन्नाच्या गावच्या पंपावर अठ्ठ्याण्णव मिळतच नाही. एक्क्याण्णव भरलंय. आणि असंतसं नाही, गळ्यापर्यंत. अर्धी टाकी असती तर चौकीजवळच्या पंपावर वरून अठ्ठ्याण्णव ओतून भागवता आलं असतं. पण मानापोटी मुहन्नानं पेलाभर पेट्रोलालाही जागा ठेवली नव्हती. लॅपटॉप गाळ्यात. पुढं तास-दीड तासाची चढण, ऊन, तीन माणसं, दोन पोती, एक बोकड. असाच पाय दाबत राहिला तर चार वर्षांचं इंजिन सैकच्या अलीकडेच फुटणार.

आणि बोलायचं तर काय बोलायचं? मुहन्ना, तुझं पेट्रोल चुकलं? मुलासाठी पोरगी मागायला निघालेल्या बापाला, त्याच्या बापासमोर? परत फिरायचं तर कारण सांगावं लागणार. सैकमध्ये जुम्म्याच्या नमाजाआधी लोक वाट बघत उभे राहणार, आणि मग दोन्ही गावांत एकच गोष्ट, मुहन्नानं हलकं पेट्रोल भरलं.

झहराननं एसी बंद केला आणि काचा खाली केल्या.

"अरे, हे काय?" सुलैयम काका म्हणाले.

"डोंगराची हवा, काका. तब्येतीला चांगली."

"डोंगर अजून वर आहे. ही खालचीच हवा आहे, भट्टीतली."

पण झहरानला काचा उघड्याच हव्या होत्या, आवाज कानावर यायला. खालचा गिअर टाकला. टर्बोचा काटा शून्याखाली राहील इतकाच पाय. हवा कोंबायचीच नाही, म्हणजे पेट्रोल भडकायचं नाही. त्या बेतानं गाडी तीस-पस्तीसच्या वर जाईना. तो पायाच्या अंगठ्यानं गाडी चालवत होता म्हणा ना. चढ वाढला की अंगठा हलका, वळण सुटलं की जरा भर, कान सतत बाहेर.

एक पिकअप पुढं गेली. मग भाज्यांचा ट्रक. मग चक्क पाण्याचा टँकर, हॉर्न वाजवत.

मुहन्नाला राहवेना. झहरानला तो मुलाच्या नावानं, यारुबचा बाप म्हणूनच हाक मारायचा. "अबू यारुब, सगळ्या निझवाची पोरं तुझ्या गाडीच्या नावानं शपथा घेतात. आणि टँकर पुढं गेला, टँकर! पाण्यानं भरलेला!"

"जाऊ दे. वर पाण्याची गरज असते."

"बोकड खाली सोड. तो आपल्याआधी पोचून सांगेल तरी की पाहुणे येतायत."

सुलैयम काका हसले, खोकले, पुन्हा हसले. झहरानही हसला. घाम मात्र त्याच्या मानेवरून दिशदाशाच्या झग्याआत चालला होता, आणि तो सगळाच काही उन्हाचा नव्हता. मधल्या एका वळणावर समोरून बस आली, थांबून पुन्हा सुटताना पाय जरा जास्त पडला आणि तव्यावर चणे टाकले गेले. चारच चणे. झहराननं ओठ चावला. पुढचे दोन कोस त्यानं अंगठा आणखी हलका ठेवला.

सैकला पोचले तेव्हा बांग व्हायला अजून थोडा अवकाश होता. गाडी सावलीला लावून त्यानं बॉनेटवर हात ठेवला, इंजिन चालू ठेवून मिनिटभर ऐकलं. मांजरीसारखं घुरघुरत होतं. मग बंद केलं.

नमाज झाली, जेवणं झाली. डाळिंबाच्या बागेचा मालक, मुलीचा बाप, फार बोलणारा नव्हता. आता पुरे म्हणून कहव्याचा पेला हलवून खाली ठेवला आणि म्हणाला, "मुलगी तुमची." बोलणं पक्कं झालं म्हणून सुलैयम काकांनी फातिहा म्हटली. मुहन्नाचे डोळे भरून आले.

बाहेर अंगणात मुलीचा मामेभाऊ गाडीभोवती फिरत होता. झहरानचं नाव ऐकून होता तो. "काका, एवढी गाडी, आणि तुम्ही गोगलगायीसारखे आलात. टाकीत भरलंय तरी काय?"

"भरपूर भरलंय," झहरान म्हणाला.

मुहन्ना तिथंच हात धूत होता. त्यानं ते ऐकलं. हात पुसत गाडीपाशी आला, काचेतून पेट्रोलच्या काट्याकडे बघितलं. एरवी सैकपर्यंत पाव टाकी गिळणारी ही गाडी, आज काटा जेमतेम हलला होता. तो त्या काट्याकडे बघत राहिला. मग उघड्या काचा, बंद एसी, टँकर, सगळं एकेक करून त्याच्या चेहऱ्यावर येत गेलं. पोराला त्यानं आत पिटाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "अबू यारुब, खरं सांग. माझ्या गावच्या पंपावर एक्क्याण्णवच मिळतं. मी चुकीचं भरलं, होय ना? मग तू मला तेव्हाच का नाही बोललास?"

झहराननं खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"तू टाकी भरलीस, मी पाय आवरला, आणि तुला सून मिळाली. आता खाली उतरताना तू चालव, उतारावर तिला एक्क्याण्णवही चालतं."