बेले की बेळे

माझ्या बास्केटबॉलबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. आईचं मत, की त्याने उंची वाढते. अण्णांचं मत, की वाढलेल्या उंचीला नवरा मिळत नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बसवनगुडीतले जुने मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी, असा आमचा कारभार. यशवंतपूरच्या बाजारात अण्णांची तूरडाळीची अडत होती. गिरणीवाल्यांचा माल त्यांच्या गाळ्यात उतरायचा, दुकानदार येऊन न्यायचे, आणि मधे अण्णा बसलेले असायचे. एवढं करून घरची डाळ मात्र आईच निवडायची.

अण्णांनी माझा एकही सामना पाहिला नव्हता. तरी खेळात माझं काय चुकतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जेवताना चौकशी व्हायची.

"आज किती गोल केलेस?"

"अण्णा, गोल नाही, बास्केट."

"तेच ते. किती?"

"दोन."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांनी केले. बॉल मी दिला त्यांना."

"म्हणजे बीळ तू खणायचं आणि आयत्या बिळावर नागोबा दुसरीच! हातात आलेला बॉल दुसऱ्याला कशाला देतेस गं?"

मी समजावून सांगायची. आमच्या संघात माझं काम म्हणजे बॉल पुढे न्यायचा, कोण मोकळी आहे ते हेरायचं आणि तिच्या हातात तो वेळेवर टाकायचा. अण्णा मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, किती गोल केलेस.

माझी बारावी झाली त्या वर्षी सगळ्या बेंगळुरूला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. आमच्या गल्लीतली एकही मुलगी क्लासवाचून उरली नव्हती. अण्णांनी माझ्यासाठी संध्याकाळचा क्लास शोधून काढला, आणि तो नेमका आमच्या सरावाच्या वेळेला. मी रडले, भांडले, एक दिवस जेवले नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता तुमच्या क्लबांची स्पर्धा आहे ना? जिंकलीस तर खेळ पुढे. हरलीस तर बूट माळ्यावर. शब्द म्हणजे शब्द."

बाजारात अण्णांच्या शब्दावर लॉरीच्या लॉरी माल उतरायचा. घरातही तो कधी फिरलेला मी पाहिला नव्हता.

त्याच सुमारास आमच्या सरांकडे एक व्हिडिओ कॅसेट आली. सर एका कारखान्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी आम्हाला शिकवायचे. त्यांचा मेव्हणा जर्मनीत होता. त्याने तिकडच्या टीव्हीवरून युरोपातल्या क्लबांच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना उतरवून पाठवला होता. क्लबच्या खोलीत भाड्याचा व्हीसीआर आणून आम्ही सगळ्या जमिनीवर बसून तो पाहिला. एक क्लब फ्रान्सचा, एक इटलीचा. केबलवर अमेरिकेची उडी मारून बॉल कोंबणारी मंडळी बघायची सवय असलेल्या आम्हाला तो सामना फार संथ वाटला. कुणी कुणाला पुढे सरकू देत नव्हतं. फ्रान्सचा क्लब थोडक्यात जिंकला. मग व्यक्तिगत बक्षीस जाहीर झालं, सगळ्यात मौल्यवान खेळाडूचं, आणि ते इटलीच्या क्लबातल्या एका उंच माणसाला मिळालं.

"सर, पण तो तर हरला," मी म्हणाले.

"क्लब हरला," सर म्हणाले. "जिंकलं कोण, ते फलक सांगतो. मौल्यवान कोण, ते खेळ बघणाऱ्याला विचारावं लागतं."

मी ती कॅसेट मागे घेऊन तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहिला. तो माणूस हसत नव्हता. बक्षीस हातात घेऊन बाजूला बघत होता. तरी मला त्याचा इतका हेवा वाटला की काय सांगू.

सरांनी लगेच हे क्लबच्या कमिटीपुढे मांडलं. तोवर आमच्या स्पर्धेत उत्तम खेळाडूचं बक्षीस ठरलेलं असायचं. जिंकलेल्या संघात जिचे गुण जास्त, तिला ते मिळायचं. सर म्हणाले, यंदा युरोपासारखं करू. कुठल्याही संघातली चालेल, बाहेरच्या क्लबांचे प्रशिक्षक मत देतील. कमिटीतल्या म्हाताऱ्यांना युरोप हा शब्द आवडला आणि ठराव पास झाला. मी मात्र मनाला बजावलं, की आपल्याला हे बक्षीस नकोच. आपल्याला कप हवा. अण्णांचा सौदा कपाचा होता.

आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. रविवार होता, यशवंतपूरचा बाजार बंद. तरीही अण्णा येतील असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला पाहते तर जाळीच्या कुंपणापलीकडे धोतर आणि काळी टोपी! आत खुर्च्या रिकाम्या होत्या, पण अण्णा बाहेरच उभे, जाळीत बोटं अडकवून. पुढचे दोन पास मी थेट समोरच्या संघाच्या हातात दिले.

मग सावरले. त्या दिवशी मी खरंच चांगली खेळले, हे आता सांगायला लाजत नाही. बॉल हिसकावले, धावले, गुडघा फोडून घेतला, आणि ज्या मुलीला जिथे हवा तिथे बॉल दिला. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो. माझ्यासमोर दोघी उभ्या, आणि डावीकडे आमची एक मुलगी अगदी मोकळी. मी तिला बॉल दिला. तिने नेम धरून टाकला. बॉल कडीवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली.

ती मुलगी तोंड झाकून खाली बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण माझ्या डोळ्यांपुढे माझे बूट होते, माळ्यावर, आईच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी.

बक्षीस समारंभाचा माइक एका नव्या माणसाकडे होता. पुण्याहून नोकरीसाठी आलेला इंजिनियर, संध्याकाळी आमच्या मैदानावर खेळायला यायचा. मोठा हौशी. कन्नडिगांच्या गावात कन्नडमध्येच बोलायचं, असा त्याचा हट्ट. सगळं कुणाला तरी विचारून तो इंग्रजी अक्षरांत लिहून आणायचा. कन्नडमध्ये किमतीला 'बेले' म्हणतात, आणि मौल्यवान म्हणजे 'बेलेबाळुव'. पण इंग्रजीत लिहिलं की ल आणि ळ सारखेच दिसतात. आणि बेंगळुरूत आल्यापासून किराणा दुकानात त्या बिचाऱ्याने एकच शब्द ऐकला होता, 'बेळे'. बेळे म्हणजे डाळ.

त्याने घसा साफ केला, माझं नाव घेतलं आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, की या स्पर्धेतली अत्यंत 'बेळेबाळुव' खेळाडू ही आहे.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "तोगरी बेळेना, कडले बेळेना?" तूरडाळ की चणाडाळ? सगळं मैदान हसायला लागलं. त्यातही अर्ध्या बसवनगुडीला माझे वडील डाळीचे अडते आहेत हे माहीत, म्हणजे हसण्याला फोडणीच मिळाली. मी त्या बक्षिसाचा वीतभर कप हातात घेऊन उभी. कुंपणाकडे पाहिलं, तर अण्णा तिथे नव्हते.

ते टेबलाशी येऊन उभे होते. कान लाल झालेले. अण्णांचे कान लाल झाले की बाजारात हमालसुद्धा बाजूला व्हायचे.

"काय रे बाळा," त्यांनी त्या इंजिनियरला मराठीतच विचारलं, "माझ्या डाळीत काय खडे सापडले तुला?"

"काका?" तो गोंधळला. "कसली डाळ?"

"आता माइकवरून बोंबललास ना, बेळे म्हणून?"

सरांनी मधे पडून ल आणि ळ चा घोटाळा उलगडला. इंजिनियरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "काका, सॉरी, एक्स्ट्रीमली सॉरी! मला व्हॅल्युएबल म्हणायचं होतं. किमती. मौल्यवान."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. कानांचा रंग हळूहळू उतरला. मग त्यांनी सरांना कन्नडमध्ये जे विचारलं, त्याचं उत्तर ऐकायला मी जिवाचे कान करून उभी होते. "हरलेली मुलगी मौल्यवान कशी?"

सर म्हणाले, "तिच्या नावावर गुण थोडे. पण तिच्या हातून गेल्याशिवाय आमचा एकही बॉल धड पोचला नाही. कुणाला कधी काय द्यायचं, ते तिला कळतं. मतं बाहेरच्या लोकांनी दिलीत, मी नाही."

अण्णांनी "हूं" केलं आणि चालायला लागले. मी मागोमाग.

घरी आल्यावर त्यांनी हात पुढे केला. "बूट."

"अण्णा..."

"हरलीस ना?"

"हरले."

त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि माझे बूट माळ्यावर ठेवले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने तो कप देवघरात नेऊन ठेवला, आणि तेवढ्यावरून मला हुंदका फुटला. मला अण्णांचा राग आला, त्या पुणेकराचा आला, कडीवर नाचलेल्या बॉलचा आला, आणि सगळ्यात जास्त राग त्या युरोपाचा आला. हरलेल्याला मौल्यवान म्हणायचं आणि घरी पाठवायचं, हा कुठला न्याय?

सोमवारी संध्याकाळी मी घरातच होते. सरावाची वेळ होत आली होती, आणि ती वेळ अंगात अशी भिनलेली, की पाय आपोआप हलत होते. क्लासमध्ये नाव घालायला अण्णा रात्री घेऊन जाणार असतील, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात दार वाजलं. अण्णा. सोमवारी बाजार सोडून या वेळेला ते कधीच यायचे नाहीत. टोपी खुंटीला लावून ते पाटावर बसले आणि पाणी प्यायले.

"काल तुझे सर म्हणाले ते दिवसभर डोक्यात घोळत होतं," ते म्हणाले. "सकाळी लॉरी आली. माल उतरला. दुपारपर्यंत दुकानदार घेऊन गेले. माझ्याकडे काय राहिलं? हाताला लागलेली धूळ. डाळ मी पिकवली नाही, मी शिजवून खाल्ली नाही. तरी मी एक दिवस गादीवर बसलो नाही, तर गिरणीवाला तिकडे बोंबलतो आणि दुकानदार इकडे."

मी त्यांच्यापुढचं रिकामं भांडं उचललं.

"म्हणजे तू बॉलची अडत करतेस," अण्णा म्हणाले. "मग असं सांगायचं की आधी! गोल, बास्केट, काय काय सांगत बसतेस."

ते उठले, स्टूल ओढलं, वर चढले. बरण्या सरकल्याचा आवाज झाला. खाली उतरले तेव्हा हातात माझे बूट होते. धोतराच्या सोग्याने त्यांनी त्यावरची धूळ पुसली आणि बूट माझ्यापुढे ठेवले.

"अण्णा, पण शब्द?"

"काल हरलीस, काल ठेवले," अण्णा म्हणाले. "आज कुठे हरलीस अजून?"

"आणि कॉम्प्युटर?" आईने आतून विचारलं.

"तो सकाळीही असतो. स्वल्प चौकशी केली मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघत काय बसलीस? नाड्या बांध. तिकडे दुकानदार खोळंबले असतील."