कुजबुजरावांचा बसलेला आवाज

आमच्या नाटक कंपनीच्या प्रॉम्प्टरला सगळे कुजबुजराव म्हणत. तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून त्यांनी आम्हाला आमचीच वाक्यं हळूच पुरवली आणि टाळ्या आम्ही घेतल्या. त्यांच्या पिशवीत संहितेच्या जोडीला ज्येष्ठमधाच्या काड्या, मीठ आणि ओवा असायचाच. औषधाआधी ते कारण शोधत. नायकाचं कपाळ ठणकायला लागलं की आधी टोप सैल करायला लावत. खलनायकाच्या घशाशी सकाळी आंबट येई. त्याला दटावत, की प्रयोगानंतर भरपेट जेवून लगेच आडवा होतोस, ते आधी थांबव. माझा आवाज बसला की मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वाफारा आणि दोन दिवस मौन. आवाज परत यायचा, खोटं कशाला बोलू.

कंपनी बंद पडली, माणसं पांगली. कुजबुजरावांची बायको गेली, मुलगी परदेशी. दर रविवारी तिचा फोन येई. एकदा तो मलाच आला. बाबा चार रविवार फोन उचलत नाहीत, नुसतं 'बरा आहे' असं लिहून पाठवतात. रागावले असतील तर आणखी एक रविवार बघते, मग त्यांना त्रास देत नाही, असं म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या खोलीवर गेले. गळ्याला मफलर, हातात पाटी. त्यावर त्यांनी लिहिलं, आवाज बसलाय, महिनाभर मौन धरलंय. हा फाटका आवाज ऐकून पोर घाबरेल, म्हणून बरं वाटल्यावरच बोलणार. मी तिला कळवू का, असं विचारलं, तर त्यांनी पाटी पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझं वाक्य मीच बोलेन.'

आवाज बसला की मौन, मीही जन्मभर तेच शिकलेली. छान, म्हटलं, आणखी आठवडाभर तोंड उघडू नका. जिना उतरताना मात्र मनात आलं, महिनाभर बसलेला आवाज म्हणजे साधी गोष्ट नव्हे. परत वर गेले आणि त्यांना घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी बारीक नळी घालून तपासलं. गाठ नाही, सूज नाही. मग विचारलं, "आजोबा, मौन धरायच्या आधी दिवसाला बोलत किती होता?"

ते बोटांवर मोजायला लागले. दूधवाला. मग किराणावाला, तोही रोज नाही. दुसऱ्या बोटावर हात थांबला.

बाई म्हणाल्या, हा गळा थकलेला नाही, न वापरल्यामुळे सैल पडलाय. गुळण्यांनी काही व्हायचं नाही आणि मौन तर मुळीच नको. कुजबुजही नको, त्यानं उलट ताण येतो. रोज अर्धा तास मोठ्यानं बोला. कुणाशी, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही.

मग चार दिवस मी दुपारची जात राहिले. ते मला वर्तमानपत्रातल्या भाड्याच्या जाहिराती वाचून दाखवत. पहिल्या दिवशी नुसती हवा आली. तिसऱ्या दिवशी 'दोन खोल्या, पाण्याची सोय' एवढं स्पष्ट ऐकू आलं, तर दोघंही हसलो.

रविवारी फोन वाजला. ते उठून उभे राहिले, शर्ट सारखा केला.

"मी बोलतोय, बाळा."

पलीकडून तिनं, बाबा ओरडताय का, असं विचारलं असावं.

"नाही गं. माझा आवाजच एवढा आहे."

मग ती काहीतरी बराच वेळ बोलली आणि हे डोळे पुसत नुसते हं हं करत राहिले. सहा मिनिटं झाली. तिला मुलांना पोहायला न्यायचं होतं. पुढच्या रविवारी करते म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या तासातली चोवीस मिनिटं अजून उरली होती. फोन कानावरून काढला नाही. दूधवाला हल्ली उशिरा येतो, हे तिला मोठ्यानं, स्पष्ट सांगू लागले. मध्ये थांबत, तिला बोलायला जागा देत. मी चप्पल हातात घेऊन, आवाज न करता, दार ओढून घेतलं.