विजया तेलाची बाटली

कुवेतमधल्या शर्क भागात एका मसाले आयात करणाऱ्या कंपनीत हरीश देवस्थळी अठरा वर्षं एकच काम करत होते: पाकिटांवरची लेबलं वाचणं. बॅच नंबर, घटक, तारीख. एक अक्षर चुकलं तरी माल परत. घरीसुद्धा बायकोने, चित्राने, बिस्किटाचा पुडा फोडायच्या आत ते तो उलटा करून पाहायचे. फरवानियातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये लोक त्यांना 'लेबलवाले' म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

अशा माणसाने गुडघेदुखीला कंटाळून भारतातल्या एका वेबसाइटवरून 'विजया तेल' मागवलं. आयुर्वेदिक, प्रयोगशाळेत तपासलेलं, असं ठळक अक्षरांत होतं. विजया हे त्यांना मालकिणीचं नाव वाटलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचंही तेच. पार्सल गेलं रत्नागिरीला, सुट्टीवर गेलेल्या शेजारच्या फखरुन्निसाभाभींकडे. येताना त्या आणणार होत्या.

"भाऊ, ह्यात काय हाय?" भाभींनी फोनवर विचारलं होतं.

"तेल आहे हो, गुडघ्याचं. मी वाचलंय सगळं."

भाभी निघायच्या दिवशी दुपारी चित्राने सहज ती वेबसाइट उघडली. "अहो, विजया म्हणजे भांग! गांजाच्या झाडाचं तेल आहे हे!"

हरीशनी चष्मा लावला. खाली बारीक अक्षरांत सगळं होतं. तपासणीचा अहवाल तर दुसऱ्याच बॅचचा, तीन वर्षांपूर्वीचा. ऑफिसात असा कागद त्यांनी फेकून दिला असता. कुवेतच्या विमानतळावर ही बाटली सापडली तर तुरुंग, आणि तोही भाभींना. त्यांना दोन लहान मुली.

फोन लागला तेव्हा भाभी मुंबई विमानतळावर रांगेत होत्या, बॅग अजून हातातच. पण खरं सांगायला हरीशची जीभ रेटेना.

"भाभी, ती बाटली टाकून द्या. फुटेल उगाच."

"फुटत नाय, भाऊ. माझ्या नमाजाच्या ओढणीत गुंडाळलीय."

हरीशना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्यात भांग आहे," ते कसेबसे म्हणाले. पलीकडे कचऱ्याच्या डब्यात काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ते माफी मागायला गेले, तर दारात मान वर होईना. भाभींनी आमसुलांचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. आणि हरीशनी, सवयीने, ते उलटं केलं.

"वाचा, भाऊ," भाभी म्हणाल्या. "मी तुमची बाटली वाचली नव्हती. तुम्ही वाचलंय म्हणालात ना."