नानांनी न उच्चारलेला शब्द

नाना सुधारले नव्हते.

आज सकाळी अग्नी देण्याआधी एक मोठे पाहुणे माईक हातात घेऊन म्हणाले, "तरुणपणी नानांचं पाऊल थोडं वाकडं पडलं होतं, पण पुढे ते सुधारले."
लोकांनी माना डोलावल्या.

समोर देह होता म्हणून मी गप्प राहिलो.
इथे राहणार नाही.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. शंभरीला थोडीच वर्षं कमी होती. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातून कॉलेजला गेलेला पहिला मुलगा. स्वातंत्र्य मिळालं त्या साली, नगरला.

तिथे गेल्यावर दिसेल ते बघायची आणि कानावर पडेल ते ऐकायची त्यांना भूकच लागली.

एकदा मित्रांबरोबर चित्रांच्या एक्झिबिशनला गेले. दारातच चपला काढल्या.
शहरातली मुलं पोट धरून हसली. "अरे, देऊळ आहे का हे?"

नाना मला सांगायचे, "मला काय ठावं? आत समदी गप हुबी हुती. म्हनलं, देव आसंल."

मग तो त्यांचा नियमच झाला. काहीही बघायचं, ऐकायचं, ते चपला काढून.

चाँद नावाचा वर्गमित्र त्यांना उरुसात कव्वालीला घेऊन गेला.
"मला तर रडूच फुटलं. चाँद म्हनतो, अरे थांब की, अजून तबलाच लावतायत!"

नाटकात मात्र झोपले.
"राजा लई बोलत हुता."

आणि तमाशा.

जत्रेत फड लागला होता. तमाशाची सुरुवात गणाने होते, म्हणजे आधी गणपतीला बोलावतात. ढोलकी कडाडली, गण सुरू झाला, आणि त्या सगळ्या गर्दीत एकटे नाना चपला काढून, हात जोडून उभे राहिले.

मागून ओरडा सुरू. "ए बुवा, खाली बस! आरती न्हाई ही!"

बसून राहिले असते तर कुणाच्या लक्षातही आले नसते. उभे राहिले म्हणून दिसले. आमच्याच गावचा एक जण तिथे होता, त्याने घरी येऊन सांगितलं.
तोही तमाशाच बघत होता. त्याचं पाऊल वाकडं पडलं, असं मात्र आजवर कुणी म्हटलेलं नाही.

नानांचे वडील माळकरी. गावच्या भजनात पुढे उभे राहणारे. त्यांनी निरोप धाडून पोराला बोलावून घेतलं आणि मारुतीच्या देवळात चार जाणत्या माणसांपुढे उभं केलं.

"तमाशात हात जोडलेस म्हनं. कुनाला रं?"
"गनपतीला."
"गनपती तितं कशाला यील?"
"बोलावल्यावर यील की, बापू. आपुनबी बोलावतोच."

कानाखाली बसली.

मग वडील म्हणाले, "मारुतीपुढं नाक घास. चुकलो म्हन. सकाळच्या मोटारीनं कॉलेजात जा. म्हननार नसशील, तर उद्यापासून आऊत धर."

आई देवळाच्या दाराशी उभी होती. "म्हन की रं बाळा. एक शबुद तर हाय."

नानांना कॉलेज हवं होतं. फार हवं होतं. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर वाटेल त्यांना सोपं गेलं.

ते मारुतीपुढे गेले. नाक घासलं.
मग उठून म्हणाले, "बापू, नाक मी रोजच घासतो. पर मारुतीपुढं खोटं कसं बोलू? मी न्हाई चुकलो."

दुसऱ्या दिवशी औत धरलं. कॉलेज संपलं.

पुढे जन्मभर शेती केली. एकादशीला कीर्तन, जत्रेला तमाशा, उरुसाला कव्वाली. सगळीकडे अनवाणी. आणि चोरून कधीच नाही. भर पारावरून आवाज द्यायचे, "तमाशाला निगालोय. कोन येतंय?"

मी रोज देवापुढे दिवा लावणारा माणूस आहे. गावच्या शाळेत शिकलो, कलेतलं मला फारसं कळत नाही. पण हात मनापासून जोडायचे कसे, ते मी नानांच्या शेजारी बसून फडात शिकलो. कुणाला विचित्र वाटलं तर वाटू दे.

एकदा त्यांना विचारलं, "नाना, पस्तावा होत नाही का कधी?"

"कॉलेज गेल्याचा व्हतो की. लई व्हतो. पोरं पुस्तकं घिऊन एस्टीत बसली की आजूनबी पोटात तुटतं."

मग तंबाखू मळत म्हणाले, "पर चुकलो म्हनलो आसतो, तर त्या गनपतीला पुन्ना कुटल्या तोंडानं हात जोडलं आसतं?"

आज दुपारी चुलतभावाचा फोन आला. दहाव्याच्या फ्लेक्सवर नानांच्या नावाखाली 'कीर्तनप्रेमी' लिहिलंय म्हणाला.

"तमाशाप्रेमी, कव्वालीप्रेमी पण लिही."
"दादा, पाहुन्यांत शोभंल का ते?"
"नानांना शोभलं ना?"
"तुझं आपलं कायतरीच. आन हे बघ, फेसबुकवर काय टाकू नको."

टाकलं.

दहाव्याला माईकवरून पुन्हा कुणी 'सुधारले' म्हणालं, तर मी तिथेच उभा राहून 'नाही' म्हणणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. मानला तरी चालेल.

नाना, सुखाने जा.
होतात तसेच जा.
तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.