चाचीची शेळी

फौजेतून निवृत्त होऊन शिराळ्याजवळच्या गावी परत आलो, तेव्हा बायकोनं दारात दोन शेळ्या बांधल्या होत्या. मला जनावरांतलं काही कळत नव्हतं. धार काढायला बसलो की शेळी मागं वळून बघायची, हा कोण आला म्हणून.

मागच्या थंडीत थोरली शेळी व्याली. तीन करडं झाली. तिसऱ्या दिवशी तिची कास दगडासारखी टणक आणि गरम झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "बरी होईस्तोवर करडांना आईखाली सोडू नका. बाटलीनं पाजा."

दोन करडं बाटलीला लगेच लागली. तिसरी, पांढऱ्या कानाची, रबराचं बोंड जिभेनं ढकलून द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उभंही राहवेना. बायको तिला मांडीवर घेऊन बोटानं दूध चाटवत बसली. मी नुसता येरझाऱ्या घालत होतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी चाची राहते. जन्मभर तिनं शेळ्या पाळल्या. तिची शेळी आठवड्यापूर्वीच व्यालेली, तिला एकच करडू. कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं असावं. न बोलावता ती आली, दाव्याला शेळी घेऊनच.

"आण हिकडं ती पोर," ती म्हणाली.

"आवं चाची, परक्या पिल्लाला ती पाजंल व्हय?"

"आपुन पाजवायचं."

तिनं आपल्या शेळीचं दूध ओंजळीत काढलं आणि करडाच्या पाठीला, शेपटीला चोळलं. शेळी शेपटी हुंगून आपलं पिल्लू ओळखते, हे मला तेव्हा कळलं. पण ही शेळी फसली नाही. करडू कासेला लावताच तिनं अशी लाथ झाडली की माझ्या मनगटातून कळ गेली. मी मोठ्यानं ओरडलो.

चाची हसली. "आरं लेकरा, ही काय तुझी पलटण हाय? वरडून दूध उतरतं व्हय? पाय धर आन् गप बस."

मी पाय धरला. तिनं पदरानं शेळीचे डोळे झाकले, तिच्या मानेला खाजवत राहिली. बायकोनं करडाच्या तोंडात सड दिला. थोडा वेळ काहीच नाही. मग ती इवलीशी शेपटी हलायला लागली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मान खाली घातली.

चाची रोज सकाळ-संध्याकाळ आली. गुडघे दुखतात म्हणून वाटेत दोनदा टेकायची, पण चुकली नाही. पाचव्या दिवशी तिनं पदर काढून घेतला. शेळीनं पांढऱ्या कानाच्या करडाची शेपटी हुंगली आणि शांतपणे रवंथ करत उभी राहिली.

"लागली," चाची म्हणाली. एवढंच.

पंधरवड्यात आमची शेळी बरी झाली. एका बाजूनं दूध गेलं ते गेलंच, पण दुसरी बाजू भरून यायला लागली. करडं आता अंगणभर उधळायची. जागच्या जागी चारी पाय उचलून उडायची, पाचटाच्या ढिगावर चढून एकमेकांना ढकलायची. मी धारेला वाकलो की पांढऱ्या कानाची थेट माझ्या पाठीवर उभी.

"बॉर्डरवर कुणाला पाठ दावली न्हाई म्हणं," बायको म्हणायची, "आता बघा."

त्या करडाला पाठीवर घेऊन मी तसाच वाकून राहायचो. खुरं टोचायची, पण हलवत नसे.

चाचीसाठी काय करावं ते सुचेना. बायकोनं तिला द्यायला नवी साडी काढली, चाचीनं हात लावला नाही. शेवटी मी उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, एक भारा डोक्यावर घेऊन तिच्या दारात गेलो.

"चाची, तुमचं लय उपकार झालं."

"माझं कसलं? दूध शेळीचं हाय." तिनं भारा सोडला आणि हिरवी वाढी शेळीपुढं टाकली. मग जरा सरकून पायरीवर मला जागा करून दिली. "बस. च्या टाकते."

शेळी खात होती. मी बसलो.